ऑइलचा नट सुटत नाही तेव्हा

घरी पहिल्यांदा ऑइल बदलायला बसलेल्या माणसाचा रविवार हमखास एकाच ठिकाणी अडतो: इंजिनाच्या बुडाशी असलेल्या एका बोल्टपाशी. ऑइलची बाटली आणलेली असते, पसरट डबा शोधून ठेवलेला असतो, दोन-तीन व्हिडिओही पाहून झालेले असतात. व्हिडिओत तो बोल्ट एका झटक्यात सैल होतो. आपल्याकडे तो जागचा हलत नाही. मग पाना सटकतो, बोटांची सालं निघतात आणि अर्ध्या तासाने बोल्टच्या डोक्याचे कोपरे गोल झालेले दिसतात.

गॅरेजात या बोल्टला सगळे 'ऑइलचा नट' नाहीतर नुसता 'खालचा नट' म्हणतात. तो नट नसून बोल्ट आहे हे खरं, पण स्पेअर पार्टच्या दुकानात याच नावाने मागितला तर चटकन हातात पडतो, म्हणून मीही इथे नटच म्हणतो.

पुढचं सगळं १०० ते १५० सीसीच्या मोटरसायकली डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. माझी स्वतःची जुनी स्प्लेंडर आहे, त्यामुळे उदाहरणं तिचीच येतील. चारचाकीत आणि स्कूटरवर काय वेगळं, ते शेवटाकडे सांगतो.

हात लावण्याआधी एक हिशेब डोक्यात ठेवा. नट अडकला म्हणजे गाडी बंद पडली असं नाही. ऑइल आत आहे, गळत नाही, गाडी चालते. आज नाही सुटला तर उद्या तिच्यावरच बसून गॅरेजात जाता येतं. नवा नट वॉशरसकट शंभर रुपयांच्या आत मिळतो. तो ज्या ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचात (पुढे नुसतं 'केस' म्हणतो), बसतो ती बदलायची तर आख्खं इंजिन खोलावं लागतं. तेव्हा नट खराब झाला तर होऊ द्या, केसला मात्र इजा नको.

अडकतो कशामुळे?

सर्वांत मोठं कारण माणूस. मागच्या वेळी ज्याने नट बसवला त्याने 'गळायला नको' म्हणून जीव लावून आवळलेला असतो, किंवा हवेच्या गनने ठोकून बसवलेला असतो. माझ्या गाडीचा नट एका गॅरेजात असाच आवळला होता. वर जुनाच वॉशर परत वापरला होता. हा वॉशर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो आणि दाबला जाऊन चपटा होणं हेच त्याचं काम असतं. एकदा चपटा झालेला वॉशर दुसऱ्यांदा नीट दबत नाही, मग थेंब थांबेपर्यंत माणूस आवळत राहतो.

दुसरं कारण हवा-पाणी. नट पोलादी, केस ॲल्युमिनियमची. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये ओल, विशेषतः खारी ओल असली, की ॲल्युमिनियम आधी झिजतं आणि त्याची पांढरट भुकटी सांध्यात घट्ट बसते. कोकणात, मुंबईत, गोव्यात गाडी वर्षानुवर्षं बाहेर उभी असेल तर हे होतंच. आतल्या बाजूच्या आट्यांना ऑइल लागलेलं असतं, तिथे गंज सहसा नसतो. पकडून ठेवणारी जागा बहुतेक वेळा वॉशरची आणि डोक्याखालची असते. हे लक्षात ठेवा, पुढे स्प्रेच्या वेळी उपयोगी पडेल.

आधी हे आणून ठेवा

नवा नट आणि नवा वॉशर आधी घरात आणा, मग जुन्याला हात लावा. नट सुटला आणि त्याचं डोकं गेलेलं निघालं, आणि दुकान रविवारी बंद, अशी फजिती माझी झाली आहे.

पान्यांत कंजूषी करू नका. स्प्लेंडरच्या नटाला १७ मिमीचा पाना लागतो. तुमच्या गाडीचं माप पाना लावून बघून घ्या. सगळ्यांत चांगली सहा कोनांची गोटी, म्हणजे नटाच्या डोक्यावर टोपीसारखा चढणारा सॉकेट, आणि तिला लांब टी किंवा दांडी. ती नसेल तर रिंग पाना. बारा कोनांची गोटी नवीन नटाला चालते, अडकलेल्याला नको; ती फक्त कोपऱ्यांच्या टोकांना धरते आणि जोर वाढला की कोपरे सोलते. फिक्स पाना, म्हणजे दोन जबड्यांचा उघडा पाना, या कामात वापरूच नका. स्क्रू पाना तर त्याहून नको. अर्ध्याहून जास्त नटांची डोकी या दोघांनीच गोल केली आहेत असं माझं मत आहे.

बाकी: तारेचा ब्रश, जुना टूथब्रश, छोटी हातोडी, गंज सोडवणारा स्प्रे (डब्ल्यूडी-४० किंवा कुठलाही), चिंध्या, जुन्या ऑइलसाठी एका बाजूने कापलेला पाच लिटरचा कॅन. चष्मा असेल तर घाला. खाली झोपून वर बघताना पहिली माती डोळ्यांतच पडते.

पहिलं काम: नटाचं तोंड धुवा

हे हास्यास्पद वाटेल, पण इथेच बराचसा घोटाळा असतो.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्या मेहुण्याची मोटरसायकल हँडलपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर दोन दिवसांनी आम्ही तिचं ऑइल काढायला बसलो. पाना दर वेळी सटकत होता. मेहुणा म्हणाला, "नट गोल झालाय." मी मान डोलावली. शेजारचे एक वयस्क मेकॅनिक स्वतःच्या दुकानातला गाळ उपसता उपसता आमच्याकडे बघत होते. ते आले, खाली वाकले, आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून नटाच्या भोवतीचा चिखल टोकरायला लागले. डोक्याच्या कडेला पुराचा गाळ वाळून सिमेंटसारखा बसला होता. गोटी नटावर पूर्ण चढतच नव्हती. डोक्याच्या जेमतेम अर्ध्या उंचीला पकडत होती. कोपरे तर शाबूत होते.

तेव्हा आधी नटाचं डोकं आणि त्याच्या भोवतीची खाच तारेच्या ब्रशने, मग टूथब्रश आणि रॉकेलच्या चिंधीने स्वच्छ करा. सहाही कडा उघड्या दिसल्या पाहिजेत. गोटी चढवली की बोटाने दाबून बघा: तिची कड केसला किंवा वॉशरला टेकली पाहिजे. मध्ये फट राहत असेल तर अजून घाण आहे.

आणि हाच नट ना, याचीही खात्री करा. काही जुन्या १०० सीसी इंजिनांना खालच्याच बाजूला कॅम चेनच्या टेन्शनरचाही बोल्ट असतो. तो उघडला तर ऑइलऐवजी स्प्रिंग हातात येते. ऑइलचा नट सहसा सगळ्यांत खालच्या जागी असतो. शंका असेल तर गाडीच्या पुस्तकातलं चित्र बघा.

फिरवायचा कुठल्या बाजूला?

आटे सरळ असतात: नटाच्या डोक्याकडे तोंड करून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. पण डोकं जमिनीकडे आहे आणि तुम्ही गाडीच्या बाजूला बसून वरून हात घालताय. वरून बघणाऱ्याला तीच दिशा घड्याळासारखी वाटते. नवशिके इथेच फसतात आणि आवळलेला नट आणखी आवळून ठेवतात. अशा वेळी पाईप लावून जोर केला तर ॲल्युमिनियमचे आटे तिथेच जातात.

माझी युक्ती अशी: एखाद्या बाटलीचं झाकण खाली करून ती नटाच्या जागी धरल्याची कल्पना करा आणि ते झाकण हाताने उघडून बघा. हात ज्या बाजूला वळला, तीच दिशा. खडूने केसवर बाण काढून ठेवा. त्यात लाज नाही.

याच हिशेबाने पाना कुठे धरायचा तेही ठरतं. गाडी डबल स्टँडवर आहे. तिला पुढे ढकललं तर ती स्टँडवरून उतरते, मागे ओढलं तर उतरत नाही. नट थेट खाली तोंड करून असेल, तर पान्याची दांडी गाडीच्या उजव्या बाजूला, म्हणजे ब्रेकच्या पेडलकडे काढा आणि मागच्या चाकाच्या दिशेने ओढा. नट सुटायच्या दिशेने फिरतो आणि गाडी स्टँडवर बसून राहते. उजवीकडे सायलेन्सरचा पाईप आडवा येतो म्हणून दांडी गिअरच्या बाजूला काढावी लागली, तर जोर पुढे लागतो. मग आधी पुढचं चाक भिंतीला टेकवा आणि कुणाला तरी मागचं कॅरिअर धरून उभं करा. गाडीखाली हात असताना ती स्टँडवरून सरकली, तर नटाचा विचार करायला पुढे वेळच वेळ मिळतो.

गरम करा, पण बेतानं

तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. त्यामुळे इंजिन गरम झालं की केसचं भोक नटापेक्षा किंचित जास्त मोठं होतं. १२ मिमीच्या भोकात ५० अंशांनी पडणारा हा फरक मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाएवढाच असतो, पण चिकटलेल्या सांध्याची पकड मोडायला तो हातभार लावतो. शिवाय गरम ऑइल पातळ होऊन तळाचा गाळ घेऊन बाहेर पडतं.

दोन किलोमीटरची फेरी मारून या, किंवा गाडी चार-पाच मिनिटं जागेवर चालू ठेवा. मग बंद करून पाच मिनिटं थांबा. केसला हात लावला तर चटका बसू नये, नुसता ऊबदार लागावा. सायलेन्सरचा पाईप मात्र त्याहून कितीतरी गरम असतो, त्याच्यावर चिंधी टाकून ठेवा. गॅसची बत्ती, ब्लो टॉर्च वगैरे घरी काढूच नका. वर पेट्रोलची टाकी आहे.

पुरात बुडालेली गाडी मात्र चालू करायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही आणि किक मारतानाच आतलं काहीतरी वाकतं. ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं असेल तर ते वंगणाचं काम करत नाही. मेहुण्याच्या गाडीला आम्ही चुलीवर पाणी कडक तापवलं, त्यात फडकं बुडवून चिमट्याने पिळलं आणि केसच्या बुडाला शेक दिला. तीन-चार वेळा. दुखऱ्या गुडघ्याला देतात तसाच.

आता जोर

क्रम सौम्यापासून कडकाकडे ठेवा. मधली पायरी गाळायची घाई करू नका.

सुरुवात हातोडीने. नटाच्या डोक्यावर सपाट, जाड खिळ्यासारखं पंच किंवा जुन्या बोल्टचा तुकडा ठेवा आणि छोट्या हातोडीने सरळ वरच्या दिशेने सात-आठ ठोके द्या. खिळा ठोकतो तसा नाही, दारावर टकटक करतो त्याहून थोडा जास्त. वॉशरच्या सांध्यात बसलेली भुकटी या हादऱ्याने भेगाळते. ठोका केसवर पडू देऊ नका.

मग स्प्रे. माझं स्पष्ट मत सांगतो, या कामात स्प्रेचं कौतुक गरजेपेक्षा जास्त होतं. आटे आतून ऑइलमध्येच भिजलेले असतात, तिथे स्प्रे पोचत नाही आणि पोचायची गरजही नसते. त्याचा उपयोग डोक्याखालच्या कडेला, वॉशरच्या फटीत. तिथेच नळी लावून मारा आणि वीस मिनिटं थांबा. बाहेरून लाल गंज दिसत असेल तर रात्रभर राहू द्या. नंतर डोकं कोरडं पुसा, नाहीतर गोटी सटकेल.

आता गोटी पूर्ण चढवा. एका हाताने गोटी खालून वर दाबून धरा, ती तिरकी होता कामा नये. दुसऱ्या हाताने दांडीच्या टोकाला ओढा. आधी सावकाश, सलग जोर. हललं नाही तर तसाच ताण ठेवून दांडीवर रबरी हातोडीचे छोटे, तुटक ठोके. सलग जोराने जे सुटत नाही ते अशा झटक्याने पुष्कळदा सुटतं.

चिपळुणात आमचं इथेही अडलं. ते मेकॅनिक म्हणाले, "आधी वायच घट्ट कर, मग सोडव." मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी दांडी आवळायच्या दिशेने नखभर दाबली, बारीक 'टिक' असा आवाज आला, आणि उलट ओढल्यावर नट सुटला. पकड एकदा मोडली की दिशा कुठलीही असो, नट मोकळा होतो. ही युक्ती फक्त नखभरच करायची. आवाज आला नाही तर आवळत राहायचं नाही.

यानेही काम झालं नाही तर पाईप. पान्याच्या दांडीवर लोखंडी पाईप घातला की जोर किती वाढतो ते आकड्यांत बघा. २० सेंटिमीटरच्या दांडीवर २० किलोचा ताण दिला तर नटावर सुमारे ४० न्यूटन-मीटर पीळ पडतो. तोच ताण ६० सेंटिमीटरच्या पाईपवर दिला तर सुमारे १२०. अशा इंजिनांचा १२ मिमी आट्यांचा नट आवळायला २४ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे पाईप हातात आला की तुम्ही सहज चौपट जोर लावताय आणि हाताला ते जाणवतही नाही. म्हणून पाईप ४० सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नका, अंग टाकू नका, पाय देऊ नका.

कधी थांबायचं

नट सुटताना एकदा कट् असा आवाज येतो आणि पुढे तो हलका फिरतो. हे ठीक. पण आवाज न येता नट मऊ लागून, लोण्यात फिरावा तसा फिरत राहिला आणि खाली उतरेना, तर आटे त्याच्यासोबत निघतायत. अर्धा फेरा सुटून परत जड झाला, करकर आवाज यायला लागला, किंवा सांध्यातून चंदेरी भुकटी पडायला लागली, तरीही तेच. तिथल्या तिथे थांबा.

थांबून काय करायचं? ऑइल वरूनही काढता येतं. डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या कांडीच्या, भोकातून सलाईनची नळी तळापर्यंत सोडा आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ५० मिलीच्या मोठ्या सिरिंजने ओढा. वेळ लागतो, हात काळे होतात, तळाचा थोडा गाळ राहतो, पण बरंचसं ऑइल निघतं. जेवढं काढलं तेवढं मोजून नवं भरा आणि नट सवडीने गॅरेजात सोडवून घ्या.

डोकं गोल झालं असेल तर

अजून घाबरायचं कारण नाही. १७ची गोटी सटकत असेल तर १६ची सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसवा. ती घट्ट बसली तर बऱ्याचदा काम होतं. गोटीची किंमत गेली असं समजा, ती नटातून काढताना त्रास देईल.

दुसरा उपाय कानशीचा. डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू घासून सपाट करा आणि व्हाईस ग्रिपने, म्हणजे कुलूप लागणाऱ्या पकडीने, जमेल तेवढं घट्ट धरा. साधी पक्कड इथे काही कामाची नाही. बाजारात आतून वळसेदार धार असलेल्या गोट्याही मिळतात, त्या गोल झालेल्या डोक्यात रुततात. मित्रमंडळींत एक संच असला की सगळ्यांना पुरतो.

शेवटचा उपाय छिन्नी: डोक्याच्या कडेला तिरकी छिन्नी लावून सुटायच्या दिशेने ठोकायचं. मी हे एकदाच केलं आहे आणि केसवर छिन्नीचा ओरखडा अजून दिसतो. नटावर दुसरा नट वेल्डिंग करून काढणं हा गॅरेजवाल्यांचा हुकमी उपाय आहे, आणि तो त्यांच्याकडेच राहू द्या.

सुटला! आता घाई नको

पहिला फेरा सुटला की पाना बाजूला ठेवा आणि बोटांनी फिरवा. फिरवताना नट वरच्या बाजूला दाबून धरा, म्हणजे शेवटच्या आट्यापर्यंत ऑइल बाहेर येत नाही. मग एकदम हात काढून घ्या. वरची डिपस्टिक सैल करा, धार सरळ पडते.

धारेकडे बघा. काळं आणि पातळ असणं साहजिक आहे. दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी गेलं आहे. मेहुण्याच्या गाडीतून आधी पेलाभर नुसतं पाणी आलं, कारण ते ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं, आणि मग कॉफीच्या रंगाचं ऑइल. त्या गाडीला आम्ही थोड्या थोड्या अंतराने तीनदा ऑइल बदललं तेव्हा कुठे रंग सुधारला.

दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. तोवर नट पुसून उजेडात धरा. आट्यांत चंदेरी धाग्यांसारख्या कातळ्या अडकल्या असतील तर त्या केसच्या आट्यांच्या आहेत. एखाद-दुसरी असेल तर चालवून घेता येतं. वेटोळंच्या वेटोळं निघालं असेल तर नवा नट जोर लावून बसवू नका. हेलिकॉईल, म्हणजे भोक मोठं करून आत पोलादी आट्यांची स्प्रिंग बसवणं, हा त्यावरचा पक्का इलाज आहे आणि चांगला लेथवाला तो करून देतो. टेफ्लॉन टेप आणि एम-सील यांनी हा नट धरत नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

जुना वॉशरही शोधा. तो नटावर नसेल तर केसला चिकटून राहिलेला असतो. तो तसाच ठेवून वर नवा घातला की दोन वॉशर होतात आणि गळती सुरू होते.

परत बसवताना

पुढच्या वेळी पुन्हा हीच कुस्ती नको असेल तर जपायची जागा ही आहे.

बसायची जागा पुसून घ्या. नवा वॉशर घाला. नट बोटांनी लावा आणि आधी उलट फिरवा, आटे जुळले की हलका 'टक्' जाणवतो; मग सरळ फिरवा. चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. दुसऱ्याच फेऱ्याला पाना लागत असेल तर नट तिरका चढतोय, बाहेर काढा.

आवळायचा किती? गाडीच्या पुस्तकात आकडा असतो, तो प्रमाण. टॉर्क रेंच, म्हणजे आवळायचा जोर मोजणारा पाना, बहुतेकांकडे नसतो, पण प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकचा काटा घरात असतो. पान्याच्या दांडीवर नटाच्या मध्यापासून बरोबर २० सेंटिमीटरवर खूण करा, तिथे दोरीने काटा अडकवा आणि दांडीला काटकोनात ओढा. काट्यावर १२ किलो दिसले की नटावर सुमारे २४ न्यूटन-मीटर पडले. मी पहिल्यांदा हे करून बघितलं तेव्हा चकित झालो, कारण इतकी वर्षं हाताच्या अंदाजाने मी जवळपास दुप्पट आवळत होतो. आता काट्याशिवायही कळतं: वॉशर दबताना दांडी जराशी मऊ लागते, मग एकदम टणक. टणक लागलं की बास.

ऑइल पुस्तकात लिहिलेलंच घाला. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजतो, म्हणून बाटलीवर जासो (दुचाकीच्या ऑइलचा जपानी दर्जा) एमए किंवा एमए-२ असं असायला हवं. चारचाकीचं उरलेलं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो. डिपस्टिक बघताना ती पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत, असं माझ्या गाडीला सांगितलेलं आहे. काही गाड्यांत उलट असतं.

स्कूटर आणि चारचाकी

स्कूटरला दोन नट असतात. एक इंजिन ऑइलचा, दुसरा मागच्या चाकाजवळ गिअर ऑइलचा. चुकून दुसरा उघडून 'ऑइल एवढंसंच निघालं' म्हणत वर आणखी ऑइल ओतणारे मी पाहिले आहेत. ऑइलही वेगळं, जासो एमबीचं.

चारचाकीत गोष्टी त्याच, पण धोका मोठा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. विटा आणि दगडही भरवशाचे नाहीत. पोलादी स्टँड किंवा रॅम्प हवा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे लावलेले. अडकलेला नट सोडवताना गाडीला हिसके बसतात, त्यासाठी हे जास्तच महत्त्वाचं. सुझुकीच्या छोट्या इंजिनांना साधारण ३५ न्यूटन-मीटर पुरतात. रेनोच्या बऱ्याच इंजिनांत नटाला डोक्याऐवजी ८ मिमीचा चौकोनी खड्डा असतो, त्याला चौकोनी चावीच लागते. खड्ड्याच्या नटांत आधी सुईने माती काढा, चावी पूर्ण आत गेली तरच जोर द्या.

शेवटची तपासणी

इंजिन एक-दोन मिनिटं चालवा, बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा. मग नटाच्या भोवतालचा भाग कोरडा पुसून गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवा आणि झोपा. सकाळी पुठ्ठ्यावर एखादा थेंब असेल तर नट लगेच आवळू नका, आधी बोट लावून बघा. पुसायचं राहिलेलं ऑइल केसच्या कंगोऱ्यांतून रात्रभर उतरतं. पुसून पुन्हा एक रात्र पुठ्ठा ठेवा. दुसऱ्या सकाळीही त्याच जागी थेंब असेल तर वॉशर तपासा.

जुनं ऑइल त्याच रिकाम्या बाटलीत भरून झाकण लावा आणि जवळच्या गॅरेजला द्या. त्यांच्याकडून ते पिंपात जमा होऊन पुढे प्रक्रियेला जातं. गटारात नाही, झाडाच्या आळ्यात नाही. आमच्याकडे वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना जळकं ऑइल फासायची पद्धत होती. विहिरीच्या काठावरच्या खांबांना तरी ते आता कुणी फासू नये.